दुधातील जीवाणूंचा प्रतिजैविकांना आणि सडांच्या जंतुनाशकांना असलेला प्रतिरोध कसा तपासावा

कासदाहावर दोन-तीन औषधे देऊनही गुण आला नाही की जंतू औषधांना दाद देत नाहीत, असा निष्कर्ष चटकन काढला जातो. तो काही वेळा बरोबरही असतो. परंतु उपचार वाया जाण्याची इतर कारणेही तितकीच नेहमीची आहेत. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू कासेच्या ऊतींत खोलवर गाठी करून आणि पेशींच्या आत दडून राहतो, त्यामुळे प्रयोगशाळेत ज्या औषधाने तो सहज मरतो तेच औषध कासेत त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिकाच नसल्याने पेनिसिलिन गटातील एकही औषध त्याच्यावर चालत नाही, आणि प्रोटोथेका तर जीवाणूही नसून एक प्रकारचे शैवाल आहे. म्हणून प्रतिरोधाचा शिक्का मारण्यापूर्वी तपासणी हवी, आणि ती नेमक्या प्रश्नासाठी हवी. सड बुडवण्याच्या द्रावणाबद्दलही अशीच शंका घेतली जाते. येथे मात्र एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करणे आवश्यक आहे: प्रतिजैविकाची चाचणी ज्या पद्धतीने होते त्याच पद्धतीने जंतुनाशकाची चाचणी केली तर हाती येणारा आकडा बहुधा दिशाभूल करतो. पुढील मार्गदर्शन पशुवैद्यक, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ आणि त्यांच्याकडे नमुने पाठवणारे पशुपालक यांना समोर ठेवून लिहिले आहे.

प्रश्नानुसार नमुना

एका जनावराच्या उपचाराचा निर्णय घ्यायचा असेल तर बाधित सडाचे दूध स्वतंत्रपणे, औषध सुरू करण्यापूर्वी घ्यावे. चारही सडांचे दूध एकत्र केले तर एका कप्प्यातील जंतू इतर तीन कप्प्यांच्या दुधात विरळ होऊन हाती न लागण्याची शक्यता वाढते. संपूर्ण कळपातील प्रतिरोधाचा कल पाहायचा असेल तर अनेक जनावरांचे असे नमुने ठरावीक काळात गोळा करावे लागतात. साठवण टाकीतील दुधाचा एकच नमुना घेऊन हे काम उरकण्याचा मोह टाळावा, कारण त्या दुधात कासेतील जंतूंबरोबर सडांच्या त्वचेवरचे, शेणातले, नळीतले आणि भांड्यातले जंतूही असतात. टाकीच्या दुधात प्रतिरोधक ई. कोलाय सापडला तर तो बहुधा शेणातून आलेला असतो. तो अन्नसुरक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा असला तरी कासदाहावरचे औषध त्यावरून ठरवता येत नाही.

वरून निरोगी दिसणाऱ्या जनावरांतील सुप्त कासदाह शोधण्यासाठी कॅलिफोर्निया मास्टायटिस चाचणी पुरेशी आहे. तिच्यातील अपमार्जक दुधातील पेशी फोडतो आणि बाहेर पडलेल्या डीएनएमुळे मिश्रण जेलीसारखे घट्ट होते. गायीच्या दुधात प्रति मिलिलिटर २,००,००० पेक्षा अधिक कायिक पेशी आढळल्यास संसर्गाचा संशय घेतला जातो. शेळीला हा निकष जसाच्या तसा लावू नये, कारण शेळीच्या दुधात निरोगी अवस्थेतही पेशींचे आणि पेशीद्रव्याच्या कणांचे प्रमाण अधिक असते. तिच्या बाबतीत सौम्य घट्टपणाला फारसे महत्त्व न देता दोन्ही सडांमधील फरकाकडे लक्ष द्यावे.

नमुना घेताना

प्रतिरोधाच्या अहवालातील सर्वाधिक चुका प्रयोगशाळेत नव्हे, गोठ्यात होतात असे माझे मत आहे. सडाच्या टोकावरचा मळ नमुन्यात उतरला तर प्रयोगशाळा निष्ठेने त्या मळातील जंतूंचीच चाचणी करते, आणि अहवालावर त्याची कोणतीही खूण दिसत नाही.

नमुना धार काढण्याच्या आधी घ्यावा. हात धुऊन स्वच्छ हातमोजे घालावेत. कास कोरडीच झटकावी. ती भरपूर पाण्याने धुतली तर पाणी ओघळत सडाच्या टोकाशी साचते आणि जंतूंना थेट वाट मिळते. सड फारच मळलेले असतील तर थोड्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. त्यानंतर पहिल्या काही धारा वेगळ्या भांड्यात काढून टाकाव्यात, त्यांत गुठळ्या किंवा पाणचटपणा दिसल्यास त्याची नोंद करावी, सड जंतुनाशक द्रावणात बुडवून ते किमान ३० सेकंद राहू द्यावे आणि प्रत्येक सड स्वतंत्र कोऱ्या कागदी पुसणीने पुसावा. मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने सडाचे टोक घासावे. येथे घाई करू नये. दुग्धनलिकेच्या तोंडाशी असलेली खाच हीच मळ अडकण्याची जागा असल्याने बोळा तेथे थोडा दाबून गोल फिरवावा आणि तो बाहेर काढताना स्वच्छ दिसेपर्यंत नवा बोळा घेत राहावे. अल्कोहोल वाळू द्यावे, कारण ओल्या सडातून काढलेली धार ते नमुन्यात घेऊन जाते.

क्रम महत्त्वाचा आहे. बोळ्याने पुसताना आधी पलीकडचे दोन सड आणि मग आपल्या बाजूचे दोन सड घ्यावेत; नमुना घेताना नेमका उलट, म्हणजे आधी अलीकडचे आणि शेवटी पलीकडचे घ्यावेत. असे केल्याने पुसलेल्या सडाला हात किंवा बाही घासत नाही. निर्जंतुक नळीचे झाकण आतली बाजू खाली राहील असे बोटांत धरावे, ते कोठेही ठेवू नये. नळी आडवी, साधारण ४५ अंशांत धरावी म्हणजे वरून पडणारे केस आणि धूळ आत जात नाहीत. सडाचा नळीच्या तोंडाला स्पर्श होऊ देऊ नये. तीन ते पाच मिलिलिटर दूध पुरेसे असते. नळी काठोकाठ भरल्याने कोणताही लाभ होत नाही, उलट गोठवताना ती फुटते.

नळीवर जनावराचा क्रमांक, सडाची जागा आणि तारीख धार काढण्यापूर्वीच लिहून ठेवावी. ओल्या नळीवर शाई टिकत नाही. नमुना तत्काळ बर्फात ठेवावा आणि सुमारे ४ अंश सेल्सिअस तापमानात २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावा. तितक्या वेळात शक्य नसल्यास तो गोठवता येतो, परंतु गोठवल्याने ई. कोलायसारख्या जीवाणूंची संख्या घटू शकते, हे अहवाल वाचताना ध्यानात असावे. स्टॅफिलोकॉकस ऑरियस दुधात सतत सारख्या प्रमाणात उतरत नाही. त्यामुळे संशय बळकट असताना एका नमुन्यात तो आढळला नाही म्हणून प्रकरण मिटवू नये, काही दिवसांच्या अंतराने पुन्हा नमुना घ्यावा.

जंतूची वाढ आणि ओळख

ही सर्व कामे सुरक्षा व्यवस्था असलेल्या प्रयोगशाळेतच करावीत. प्रतिरोधक जंतू मुद्दाम वाढवणे हे स्वयंपाकघराच्या ओट्यावर करण्याचे काम नव्हे. वापरलेल्या प्लेट्स १२१ अंश सेल्सिअसला ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय टाकू नयेत. कळपात गर्भपात होत असतील किंवा ब्रुसेलोसिसचा अथवा क्षयाचा संशय असेल तर नमुने पाठवण्यापूर्वी प्रयोगशाळेला तसे स्पष्ट कळवावे, कारण हे दोन्ही रोग दुधातून माणसाला होतात.

दूध हलक्या हाताने ढवळून ०.०१ मिलिलिटरचा कॅलिब्रेटेड लूप (ठरावीक मापाचे तारेचे वेटोळे) रक्त अगर आणि मॅककाँकी अगर या जेलीसारख्या पोषक माध्यमांवर फिरवावा आणि प्लेट्स ३७ अंशांना २४ व ४८ तासांनी पाहाव्यात. एका सडाच्या नमुन्यात तीन किंवा अधिक प्रकारच्या कॉलनी (जंतूंचे डोळ्यांना दिसणारे ठिपके) दिसल्या तर नमुना दूषित समजावा आणि त्यातील कोणत्याही जंतूची प्रतिरोध चाचणी करू नये. काहीतरी अहवाल द्यायचाच म्हणून त्यांतली सर्वांत ठसठशीत कॉलनी उचलणारे तंत्रज्ञ आढळतात. असा अहवाल कोऱ्या कागदापेक्षाही वाईट असतो, कारण त्यावर उपचार होतो. ग्रॅम रंजन, कॅटलेज आणि कोॲग्युलेज या चाचण्यांनी प्राथमिक वर्गवारी होते: स्टॅफिलोकॉकाय कॅटलेजला बुडबुडे देतात, स्ट्रेप्टोकॉकाय देत नाहीत.

ओळख झाल्याशिवाय प्रतिरोधाकडे वळू नये, कारण काही प्रतिरोध उपजतच असतात. एंटेरोकॉकाय सेफॅलोस्पोरिनांना दाद देत नाहीत, क्लेबसिएला ॲम्पिसिलिनला देत नाही, आणि पेनिसिलिन-जी ई. कोलायसारख्या जीवाणूंवर व्यवहारात निरुपयोगी असते. हे गुणधर्म त्या जीवाणूंच्या रचनेतच असतात. औषधांच्या गैरवापरातून प्रतिरोध वाढल्याचा पुरावा म्हणून ते मोजले तर कळपाचे चित्र विनाकारण भयावह दिसते.

प्रतिजैविकांची चाचणी

बहुतेक प्रयोगशाळांत चकती पद्धत वापरली जाते: जंतू पसरलेल्या प्लेटवर औषध भिजवलेल्या कागदी चकत्या ठेवतात आणि चकतीभोवती वाढ थांबलेले वर्तुळ मोजतात. बाऊर, कर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये प्रमाणित केलेली ही पद्धत स्वस्त आणि लवचीक आहे, मात्र ती तपशिलांची पक्की आहे. म्यूलर-हिंटन अगरची जाडी ४ मिलिमीटर आणि सामू ७.२ ते ७.४ असावा. थर जाड झाला की औषध खोलवर पसरते आणि वर्तुळ लहान दिसते, म्हणजेच संवेदनशील जंतू प्रतिरोधक ठरू शकतो. सामू घसरला तर जेंटामायसिन आणि एरिथ्रोमायसिन कमकुवत भासतात, टेट्रासायक्लिन मात्र अधिक प्रभावी भासते. शुद्ध, ताज्या कॉलनींपासून ०.५ मॅकफारलंड (गढूळपणाचे प्रमाण माप) इतके गढूळ द्रावण करावे. त्यात प्रति मिलिलिटर साधारण १० ते २० कोटी जीवाणू असतात. हा गढूळपणा डोळ्यांच्या अंदाजाने न ठरवता प्रमाण नळीशी किंवा मापकाशी ताडून पाहावा. द्रावण १५ मिनिटांच्या आत बोळ्याने तीन दिशांनी प्लेटवर पसरावे आणि पुढील १५ मिनिटांत चकत्या ठेवाव्यात. चकत्यांची बाटली फ्रिजमधून काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नये, नाहीतर आत दव धरते आणि औषध क्षीण होते. एकदा टेकवलेली चकती सरकवू नये.

प्लेट ३५ अंशांना १६ ते १८ तास ठेवावी. स्ट्रेप्टोकॉकायसाठी अगरमध्ये ५ टक्के मेंढीचे रक्त, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि २० ते २४ तास लागतात. वर्तुळाचा व्यास चकतीसह मिलिमीटरमध्ये मोजावा. साधी प्लेट मागील बाजूने, तर रक्त असलेली प्लेट झाकण काढून पृष्ठभागावर मोजावी. सल्फा आणि ट्रायमेथोप्रिमच्या वर्तुळात दिसणारी विरळ धुकट वाढ दुर्लक्षित करायची असते. इतर औषधांच्या स्वच्छ वर्तुळात मात्र सुट्या कॉलनी दिसल्या तर ती मिसळ आहे की प्रतिरोधक उपगट, हे पुन्हा शुद्ध करून तपासावे. दर तुकडीसोबत ई. कोलाय एटीसीसी २५९२२ आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियस एटीसीसी २५९२३ हे प्रमाण वाण (ज्यांची वर्तुळे आधीच ठाऊक आहेत असे संग्रहातील जंतू) लावावेत. त्यांची वर्तुळे ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली तर त्या दिवसाचा एकही निकाल देऊ नये.

काही सापळे केवळ व्यास मोजून सुटत नाहीत. स्टॅफिलोकॉकसमध्ये पेनिसिलिनचे वर्तुळ मर्यादेहून थोडेसे मोठे असूनही जंतू पेनिसिलिनेज, म्हणजे पेनिसिलिन तोडणारे विकर, तयार करत असू शकतो. अशा वेळी वर्तुळाची कड निरखून पाहावी: ती विरळ होत न जाता कापल्यासारखी तीव्र असेल तर पेनिसिलिनेज आहे असे धरावे. मेथिसिलिन-प्रतिरोधासाठी ३० मायक्रोग्रॅम सेफॉक्सिटिनची चकती वापरतात आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियसमध्ये २१ मिलिमीटर किंवा त्याहून लहान वर्तुळ प्रतिरोधक मानले जाते. हा प्रतिरोध बहुतेक वेळा मेक-ए जनुकामुळे असतो. परंतु २०११ मध्ये गायींच्या दुधातील वाणांतून मेक-सी हे त्याचे वेगळे रूप समोर आले, आणि केवळ मेक-ए शोधणारी पीसीआर चाचणी (जनुकाच्या प्रती वाढवून ते शोधणारी) ते पकडत नाही. सेफॉक्सिटिन प्रतिरोधक आणि पीसीआर नकारात्मक असा मेळ न बसणारा निकाल आला तर चकतीला खोटे ठरवण्याआधी मेक-सी तपासावे. एरिथ्रोमायसिन आणि क्लिंडामायसिनच्या चकत्या १५ ते २६ मिलिमीटर अंतरावर ठेवल्या असता क्लिंडामायसिनचे वर्तुळ एरिथ्रोमायसिनच्या बाजूने चपटे झाले, तर सुप्त प्रतिरोध जागा होतो असे समजावे आणि क्लिंडामायसिन प्रतिरोधक नोंदवावे. ई. कोलाय आणि क्लेबसिएलामध्ये सेफोटॅक्सिम किंवा सेफ्टाझिडिमचे वर्तुळ क्लॅव्ह्युलॅनिक आम्लासोबत ५ मिलिमीटर किंवा अधिक वाढले तर विस्तृत पल्ल्याचे बीटा-लॅक्टमेज, म्हणजे सेफॅलोस्पोरिनेही तोडणारे विकर, असल्याचे सिद्ध होते. कोलिस्टिनसाठी चकती वापरूच नये. त्याचा मोठा रेणू अगरमध्ये नीट पसरत नाही. तेथे द्रव माध्यमातील सूक्ष्म विरलन पद्धतच लागते.

या विरलन पद्धतीत औषधाची तीव्रता टप्प्याटप्प्याने निम्मी करत नेतात, प्रत्येक विहिरीत प्रति मिलिलिटर सुमारे ५ लाख जीवाणू सोडतात आणि ज्या किमान तीव्रतेला वाढ थांबते तिची नोंद करतात. प्रयोगशाळेच्या भाषेत हीच एमआयसी. एका टप्प्याचा फरक, उदाहरणार्थ १ आणि २ मायक्रोग्रॅम, हा पद्धतीच्या नैसर्गिक चढउतारात मोडतो, त्यावरून प्रतिरोध वाढला असे म्हणता येत नाही.

निकालाला संवेदनशील किंवा प्रतिरोधक हे नाव ज्या सीमारेषेवरून दिले जाते ती कोणाची आहे, हे अहवालावर लिहिलेले असावे. कासदाहासाठी खास ठरवलेल्या सीमारेषा सेफ्टिओफर, पिर्लिमायसिन अशा मोजक्याच औषधांच्या आहेत. इतर अनेक सीमारेषा माणसाच्या रक्तातील औषधाच्या पातळीवरून घेतलेल्या आहेत, आणि कासेत सडावाटे सोडलेले औषध वेगळ्याच पातळीला पोहोचते. शिवाय दुधातील कॅल्शियम टेट्रासायक्लिनला बांधून ठेवते. म्हणून प्रतिरोधक हा निकाल बराच विश्वासार्ह असतो, तर संवेदनशील या निकालाचा अर्थ औषध चालण्याची शक्यता आहे, एवढाच घ्यावा. सीएलएसआय (अमेरिकेतील) आणि यूकास्ट (युरोपातील) या मानके ठरवणाऱ्या संस्थांच्या सीमारेषा एकाच तक्त्यात मिसळू नयेत.

सडाच्या जंतुनाशकांची चाचणी

येथे चकती पद्धत बाजूला ठेवावी. क्लोरहेक्झिडिन धनभारित असल्याने अगरला चिकटून बसते आणि लहान वर्तुळ पाहून जंतू प्रतिरोधक आहे असा भास होतो. आयोडीन पोषक माध्यमातील सेंद्रिय पदार्थांशी अभिक्रिया करून संपून जाते, त्यामुळे त्याची एमआयसी प्रामुख्याने त्या माध्यमाचेच मोजमाप ठरते. याखेरीज जंतुनाशकांसाठी प्रतिजैविकांसारख्या वैद्यकीय सीमारेषा ठरलेल्या नाहीत. अहवालात प्रतिरोधक हा शब्द टाळून घटलेली संवेदनशीलता असे लिहिणे अधिक प्रामाणिक आहे.

एमआयसी मोजूच नये असे नाही, पण तिचे प्रमाण ओळखावे. ०.५ टक्के क्लोरहेक्झिडिन म्हणजे प्रति मिलिलिटर ५,००० मायक्रोग्रॅम. स्टॅफिलोकॉकस ऑरियसची एमआयसी साधारणपणे एक-दोन मायक्रोग्रॅमच्या आसपास असते. जंतुनाशक बाहेर फेकण्यास मदत करणाऱ्या क्यूएसी जनुकांमुळे ती काही पटींनी वाढली तरी ताज्या द्रावणाची तीव्रता तिच्या शेकडो पट अधिक राहते. क्यूएसी-ए सारखी ही जनुके पेशीच्या आवरणात उपसा करणारे पंप बसवतात आणि बेन्झाल्कोनियम क्लोराइडसारखी चतुर्थक अमोनियम संयुगे बाहेर फेकतात. त्यांचा उपयोग जंतूला तेव्हा होतो जेव्हा द्रावण अति पातळ केलेले असते, मळाने आणि दुधाने थकलेले असते किंवा त्वचेवर त्याचा किंचितसा अंश उरलेला असतो. म्हणून प्रश्न असा विचारावा: गोठ्यात प्रत्यक्ष वापरली जाते त्या तीव्रतेला, तितक्याच वेळात आणि दुधाच्या उपस्थितीत हा जंतू मरतो का?

यासाठी मारकता चाचणी करावी. एक मिलिलिटर जंतूंचे द्रावण, एक मिलिलिटर मलईविरहित दुधाचे द्रावण आणि आठ मिलिलिटर जंतुनाशक असे मिश्रण करतात. त्यात जंतुनाशक ८० टक्क्यांवर येते, म्हणून पातळ करून वापरण्याचे उत्पादन असल्यास ते १.२५ पट तीव्र बनवून घ्यावे. तापमान सडाच्या त्वचेच्या जवळचे, ३० अंश ठेवावे. धार काढण्यापूर्वीच्या द्रावणासाठी ३० सेकंद आणि नंतरच्या द्रावणासाठी ५ मिनिटे हा स्पर्शकाळ व्यवहाराशी जुळतो. वेळ भरताच एक मिलिलिटर मिश्रण नऊ मिलिलिटर उदासीनकात टाकून जंतुनाशकाची क्रिया तेथेच थांबवावी आणि उरलेले जिवंत जंतू मोजावेत.

उदासीनक हा या चाचणीचा कणा आहे. आयोडीन आणि क्लोरीनसाठी सोडियम थायोसल्फेट, तर क्लोरहेक्झिडिन आणि चतुर्थक अमोनियमसाठी लेसिथिन व पॉलिसॉर्बेट ८० लागते. उदासीनक अपुरा पडला तर जंतुनाशक प्लेटवरही काम करत राहते, एकही कॉलनी उगवत नाही आणि निकृष्ट द्रावणही उत्तम ठरते. म्हणून दोन नियंत्रण चाचण्या कधीही टाळू नयेत: नुसत्या उदासीनकात सोडलेले जंतू जगतात का, आणि जंतुनाशक व उदासीनक आधी मिसळून मग त्यांत सोडलेले जंतू जगतात का. दोन्हींचे उत्तर होय आले तरच पुढील आकड्याला अर्थ आहे.

समजा, चाचणी मिश्रणात सुरुवातीला प्रति मिलिलिटर १,००,००,००० जंतू होते आणि स्पर्शकाळानंतर १०० उरले. ही घट एक लाख पटींची, म्हणजे ५ लॉगची झाली. प्रमाणित द्रव-चाचण्यांत जीवाणुनाशक म्हणवण्यासाठी एवढी घट अपेक्षित असते. एकही कॉलनी न उगवल्यास शून्य लिहू नये. दहापट विरल केलेले एक मिलिलिटर पसरले असेल तर प्रति मिलिलिटर १० पेक्षा कमी, असे लिहावे. गोठ्यातील वाणासोबत प्रमाण वाण त्याच दिवशी, त्याच बाटलीतील द्रावणावर तपासावा. मग दोन्हींवर हेच द्रावण निम्म्या, दशांश आणि शतांश तीव्रतेला लावून पाहावे. वापराच्या तीव्रतेला दोन्ही वाण सारखेच मरत असतील आणि शतांशाला गोठ्यातील वाण तगून राहत असेल, तर द्रावण बदलण्याची नव्हे, ते नीट बनवण्याची गरज आहे.

द्रावणाच्या कपाची तपासणी स्वतंत्रपणे करावी, आणि अनेकदा कोडे येथेच सुटते. कपातील एक मिलिलिटर द्रावण नऊ मिलिलिटर उदासीनकात घेऊन प्लेटवर पसरावे. क्लोरहेक्झिडिन आणि चतुर्थक अमोनियमच्या द्रावणांत सेराशिया मार्सेसेन्स जगू शकतो, आणि दूषित द्रावणातूनच कळपात सेराशियाचा कासदाह पसरल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. त्याच्या कॉलनी नेहमी लालच असतील असे नाही. स्यूडोमोनास बहुधा पाण्यातून येतो, म्हणून द्रावण ज्या पाण्यात बनवले त्याचा आणि नळीच्या तोंडाचाही नमुना घ्यावा. कपात उरलेले द्रावण मूळ डब्यात परत ओतण्याची सवय असेल तर एका गलिच्छ सडाचा मळ अख्ख्या डब्यात पोहोचतो. कास साबणाने धुऊन तशीच क्लोरहेक्झिडिनमध्ये बुडवल्यास साबणाचे ऋणभारित रेणू क्लोरहेक्झिडिन निष्क्रिय करतात, आणि दोष बिचाऱ्या जंतूच्या प्रतिरोधावर जातो. आयोडीन पेशीवर एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालत असल्याने त्याला टिकाऊ प्रतिरोध ही व्यवहारातील अडचण ठरलेली नाही. आयोडीनचे द्रावण अपयशी वाटले तर आधी त्याची तीव्रता, मुदत आणि त्यात मिसळलेले दूध व शेण पाहावे.

दोन्ही प्रकारच्या प्रतिरोधांचा सांधा जनुकांच्या पातळीवर जुळतो. स्टॅफिलोकॉकसमधील क्यूएसी-ए जनुक वाहणाऱ्या काही प्लाझ्मिडांवर (जंतूंमध्ये देवाणघेवाण होणाऱ्या डीएनएच्या कड्यांवर) जेंटामायसिन आणि ट्रायमेथोप्रिमच्या प्रतिरोधाची जनुकेही असतात. ई. कोलायसारख्या जीवाणूंतील पहिल्या वर्गाच्या इंटिग्रॉनवर (प्रतिरोधाची जनुके एकत्र गोळा करणाऱ्या डीएनएच्या तुकड्यावर) क्यूएसी-ई-डेल्टा-१ आणि सल्फाचा प्रतिरोध देणारे सल-१ शेजारीशेजारी बसलेले असतात. त्यामुळे अपुऱ्या तीव्रतेचे जंतुनाशक प्रतिजैविकाला प्रतिरोधक असलेला वाणही निवडून काढू शकते. मात्र पीसीआरमध्ये जनुक सापडले म्हणजे गोठ्यातील द्रावण निकामी झाले, असा अर्थ होत नाही. तो निर्णय मारकता चाचणीनेच द्यावा.

अहवाल हाती आल्यावर

ताप नसलेल्या, केवळ दुधात किंवा कासेत बदल दिसणाऱ्या सौम्य व मध्यम कासदाहात जंतूचा गट कळेपर्यंत २४ तास थांबता येते. ई. कोलाय आढळला किंवा काहीच वाढले नाही तर अशा बहुतेक जनावरांत कासेत प्रतिजैविक सोडण्याची गरज नसते. गंभीर आजारी जनावरात मात्र अहवालाची वाट पाहू नये. अहवालात अनेक औषधे संवेदनशील असतील तेव्हा पशुवैद्यकाने अरुंद पल्ल्याचे, म्हणजे मोजक्याच जंतूंवर चालणारे औषध निवडावे, आणि तिसऱ्या व चौथ्या पिढीतील सेफॅलोस्पोरिने आणि फ्लुरोक्विनोलोन ही मानवी उपचारांत मोलाची औषधे शेवटच्या पर्यायासाठी राखावीत. पेनिसिलिनला संवेदनशील स्ट्रेप्टोकॉकस असताना सेफ्टिओफर देण्याला कोणतेही समर्थन नाही. औषध चालू असलेल्या जनावराचे टाकाऊ दूध वासरांना पाजू नये, कारण त्यातील औषधाचा अंश वासरांच्या आतड्यांत प्रतिरोधक जंतू निवडतो. तापवल्याने जंतू मरतात, पण औषधांचा अंश त्यामुळे जाईलच असे नाही.

कळपाचा तक्ता करताना प्रत्येक जनावराचा, प्रत्येक जीवाणू-प्रजातीचा ठरलेल्या काळातील पहिलाच नमुना मोजावा, नाहीतर वारंवार आजारी पडणारी एकच गाय टक्केवारी फुगवते. एखाद्या प्रजातीचे ३० पेक्षा कमी वाण असतील तर टक्केवारी न देता प्रत्यक्ष संख्या द्यावी. तीन किंवा अधिक औषधगटांतील प्रत्येकी किमान एका औषधाला दाद न देणारा वाण बहुऔषध-प्रतिरोधक म्हणून नोंदवताना उपजत प्रतिरोध त्यातून वगळावेत.

जंतुनाशक बदलले असेल तर बदलाची तारीख, नव्या द्रावणाची तीव्रता आणि पाण्याचा स्रोत यांची नोंद त्याच तक्त्यात ठेवावी. सड बुडवल्याने कासेत आधीच बसलेला संसर्ग बरा होत नाही, म्हणून कळपातील एकूण बाधित सड मोजून नव्या द्रावणाचे मूल्यमापन करू नये. आधी निरोगी नोंदलेल्या सडांपैकी किती सडांना नव्याने संसर्ग झाला, हे पुढील काही महिने दरमहा पाहावे, आणि त्या नव्या संसर्गांतील वाणच पुढच्या मारकता चाचणीसाठी जपून ठेवावेत.